‘आपण’ आणि ‘आम्ही’

“आई, आज आपण जंगलात गेलो होतो. आपल्याला गोगलगाय दिसली.”

मी त्या वेळी कचेरीत होते. माझ्या चार वर्षांच्या मुलीचे वडील जर्मन, बालवाडी जर्मन, शेजार जर्मन. घरात मराठी बोलणारी मी एकटी. तिच्या वाक्यांत लिंग, वचन, काळ सारे बिनचूक होते. चुकला होता तो एकच शब्द.

प्रथम मी अर्थातच जर्मनला दोष दिला. जर्मनमधल्या ‘आम्ही’ला, म्हणजे ‘वीर’ला, ऐकणारा आत आहे की बाहेर याचे सोयरसुतक नसते. पण खरा दोष माझ्या घरातल्या मराठीचा होता. आपण जेवू या, आपण दात घासू या, आपण आता झोपू या... सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या कानावर ‘आपण’च पडते. ‘आम्ही’ रुळायला तीन माणसे लागतात: दोघे एका बाजूला आणि ज्याला सांगायचे तो तिसरा. आजीशी फोनवर बोलताना माझ्या तोंडी ‘आम्ही’ येते खरे, पण ते तिला उद्देशून नसते.

द्विभाषिक मूल वाढवणाऱ्या आईबापांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एक व्यक्ती, एक भाषा’. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाला याच रीतीने वाढवले: वडिलांची फ्रेंच, आईची जर्मन. त्या निरीक्षणांचे पुस्तक १९१३ साली निघाले. (पुढच्याच वर्षी त्या दोन भाषांचे देश एकमेकांविरुद्ध युद्धात उतरले. असो.) ही रीत वाईट नाही, मीही तीच पाळते. पण तिने मुलाला मिळते ती दोघांपुरती भाषा. भाषेची सरमिसळ होईल या धास्तीने आपण झुरतो, आणि भाषेला माणसे कमी पडत आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. परदेशस्थ मराठी कुटुंबांवरच्या आपल्या कथांतही मूल येते ते बहुधा इंग्रजीत उत्तर देऊन आजीचे डोळे ओले करायला. ते जे मोडकेतोडके मराठी बोलते त्याकडे लेखक कान देत नाही. तसा दिला, तर त्या मोडण्यातच घराचा नकाशा सापडेल.

गंमत अशी, की जो भेद माझ्या मुलीला साधत नव्हता तो संस्कृतातही नाही. तिथे ‘वयम्’ने दोन्ही अर्थ भागतात. तमिळमध्ये मात्र ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ वेगळे, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ वेगळे. मराठीतला भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या पोरांनीच कधीतरी हे धन मराठीत आणले असेल. पण ती पोरे गावेच्या गावे भरून होती.

गेल्या उन्हाळ्यात पाच आठवडे आम्ही पुण्याला राहिलो. वाड्यात मामेभावंडे, शेजारची मुले. तिसऱ्या आठवड्यात मी तिला जेवायला हाक मारली, तर जिन्याखालून आवाज आला, “आम्ही खेळतोय. तू जा ना!”

वाक्य अगदी शुद्ध होते. मी वर गेले आणि पाने वाढायची थांबवली.