विकतचा निबंध

दिवाळीचा किल्ला हल्ली बाजारात तयार मिळतो. बुरूज, दरवाजा, पायऱ्या, सगळे साच्यातून काढलेले. मुलाच्या नखात माती जात नाही, आईच्या फरशीवर चिखल होत नाही. या किल्ल्याबद्दल हळहळणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ भेटतात. पण त्याच घरातले दहावीचे पोर साच्यातून काढलेला निबंध घोकत बसलेले असते, त्याची हळहळ कोणाला नाही. उलट, ‘अभ्यास करतोय हो!’ म्हणून कौतुकाने त्याच्यापुढे फराळाची बशी येते!

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे. त्यांत 8 गुणांसाठी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक लिहायचे. ‘निबंध’ हे नाव मागे पडले, घोकंपट्टी मागे पडली नाही. पावसाला एक मजकूर, झाडाच्या आत्मकथनाला दुसरा, आणि कोणत्याही विचाराला चिकटवता येतील असे पाच सुविचार. एवढे पाठ केले की तयारी झाली म्हणतात. मग विषय जरा वाकडा आला, ‘पाऊस पडलाच नाही तर’, की पाठ केलेले मोर कोठे नाचवायचे हे त्या बिचाऱ्याला कळेनासे होते.

जोगेश्वरीत मुलांना शिकवताना हे मी नित्य पाहतो. इथल्या चाळींतल्या मुलाला पाऊस वेगळा सांगावा लागत नाही. पत्र्यावर असा ताशा वाजतो की घरातले बोलणे घरात ऐकू येत नाही. उंबऱ्याला पाणी लागले की अंथरुणे माळ्यावर आणि पिठाचा डबा कपाटावर जातो. आणि हाच मुलगा वहीत काय लिहितो? मृद्गंध दरवळला, मोर थुईथुई नाचले, बळीराजा सुखावला! सहलीच्या वर्णनात तो अजिंठ्याला जाऊन येतो. पण घराजवळचे, सहाव्या शतकातले जोगेश्वरीचे लेणे, त्यात पावसाळ्यात ठिबकणारे पाणी आणि भोवती दाटलेली वस्ती त्याच्या वहीत कधी येत नाही. त्याला दिसत नाही असे नव्हे. तू पाहिलेस त्याला गुण नाहीत, हे त्याला कोणीतरी पटवून दिलेले असते.

कोणी म्हणेल, “मास्तर, ज्या घरात एक पुस्तक नाही, त्या घरच्या मुलाला चार तयार वाक्यांचा आधार दिला तर तुमचे काय बिघडले?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शाळकरी मुलीने 1855 सालीच देऊन ठेवले आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्या घरी कोणता ग्रंथसंग्रह होता? पण वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नसेल तर आमचा धर्म कोणता, हे तिने बेधडक विचारले. पाऊस तिच्याही निबंधात आहे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांना थंडीपावसात काय सोसावे लागते, ते तिने लिहिले. तिला त्या वेळी कोणी मोराची चार तयार वाक्ये दिली असती, तर आज तिचे नाव कोणाला ठाऊक असते?

मराठी निबंधाचे कूळच असे भांडखोर आहे. 1874 साली ‘निबंधमाला’ काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हेही शाळामास्तरच. त्यांची मते पटोत न पटोत, त्या 84 अंकांत उसने मत घेऊन कोणी बोलत नाही.

पत्राचा मायना कसा असावा, बातमीला मथळा कसा द्यावा, परिच्छेद कोठे तोडावा, हे शिकवलेच पाहिजे. विहिरीला कठडा हवाच. पण कठडा बांधून दिल्यावर आत पाणी विकत आणून ओतायचे नसते!

हा प्रश्न आठ गुणांचा नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही आणि या भागातल्या अनेक मुलांची गाडीही तेथेच थांबते. तुला काय वाटते ते मराठीत लिही, असे त्यांना सांगणारा हा शेवटचा कागद. त्यावर दुसऱ्याचे वाक्य उतरवले, की पुढे नळाला पाणी नाही एवढी तक्रारसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागते. उसन्या वाक्यांवर वाढलेला माणूस सही तेवढी स्वतःची करतो.

तेव्हा आईबापांनो, या सुट्टीत मुलाच्या हातचा तयार निबंध काढून घ्या. आज काय पाहिलेस, त्याच्या दहा ओळी लिही म्हणा. शुद्धलेखनाच्या चुका काढण्याआधी त्या पुरत्या वाचा. आणि मास्तरांनो, ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई ओतता, तशी एखाद्या खऱ्या वाक्याखाली कौतुकाची एक रेघही ओढा.

वाक्ये वेडीवाकडी येतील, येऊ द्या. मातीच्या किल्ल्याचा बुरूजही थोडा कललेलाच असतो. पण तो कोणी बांधला, हे विचारावे लागत नाही.