पात्रता आहे, पण पडद्यावर दिसत नाही

दापोली तालुक्यातील मुरूड हे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे महाराष्ट्राला परिचित झाले. १८७५ साली सतरा वर्षांचे धोंडोपंत याच गावातून भर पावसाळ्यात साताऱ्याला पायी निघाले. अंतर सुमारे एकशेदहा मैलांचे, मध्ये सह्याद्री उभा. सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा हे त्या काळी मराठी शाळेतील मास्तरकीचे किंवा कचेरीतील कारकुनीचे दार होते आणि त्या परीक्षेला बसण्यास सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. धोंडोपंत साताऱ्याला पोहोचले, समितीसमोर उभे राहिले. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. आल्या वाटेने परत जाणे नशिबी आले.

पुढे कर्वे ती परीक्षा उत्तीर्ण झाले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९५८ साली भारतरत्नही ठरले. परंतु साताऱ्यातील त्या प्रसंगात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वयाची अट अन्यायकारक नव्हती. उमेदवार अपात्रही नव्हता. चुकली ती अट तपासण्याची रीत. आज दीडशे वर्षांनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील एखादी डी.एड. झालेली तरुणी शिक्षक होण्यासाठी शासनाच्या संकेतस्थळासमोर बसते, तेव्हा तिला घाट ओलांडावा लागत नाही हे खरे. पण तिच्या समोर येणारा नकार अनेकदा त्याच जातीचा असतो. फरक एवढाच की, साताऱ्याच्या अध्यक्षांना निदान प्रश्न विचारता येत होता.

आपल्याकडे शिक्षकाला 'परवाना' असा शब्द वापरला जात नाही, पण व्यवस्था तीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य केली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली. दीडशे गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला साठ टक्के गुण आवश्यक असतात. त्यानंतर येते शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे प्रश्न आणि दोन तास. ती २०१७, २०२३ आणि २०२५ या वर्षांत झाली. तिच्या गुणांवर 'पवित्र' या संकेतस्थळाद्वारे नियुक्तीसाठी शिफारस होते. या संकेतस्थळाच्या लांबलचक इंग्रजी नावातच 'सर्वांना दिसणारे' अशी ग्वाही आहे.

या व्यवस्थेचा हेतू उत्तम आहे, हे आधी स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. खासगी अनुदानित संस्थांमध्ये नोकरीसाठी किती लाख मोजावे लागतात, याची चर्चा कोकणातील लग्नघरांतसुद्धा उघडपणे होत असे. गुणवंत पण निर्धन मुलाने अशा वेळी मुंबईची वाट धरायची, हाच शिरस्ता होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलाखतीशिवायच्या पदांसाठी या संकेतस्थळावरून ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. यांतील असंख्य घरांत कोणाच्याही हातावर काही ठेवल्यावाचून नोकरी आली. हे यश लहान नाही. म्हणूनच या व्यवस्थेची चिकित्सा तिच्या शत्रूंवर न सोपवता तिच्या हितचिंतकांनी करणे अगत्याचे आहे.

चिकित्सेचा आरंभ नावापासून करावा लागतो. पात्रता परीक्षेला वृत्तपत्रे 'टीईटी' म्हणतात आणि अभियोग्यता चाचणीला 'टेट'. उच्चार जवळजवळ सारखा, हेतू पूर्णपणे भिन्न. एक उत्तीर्ण व्हायची, दुसरीत केवळ गुण मिळवायचे. एकीचे प्रमाणपत्र २०२१ च्या निर्णयानुसार आजन्म ग्राह्य, तर दुसरीचे गुण त्या त्या भरतीपुरते. शहरातल्या शिकवणी वर्गात हा भेद पहिल्या दिवशी समजावला जातो. मंडणगडच्या एखाद्या वाडीतल्या उमेदवाराला तो समजावणार कोण? रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, क्रमांक, मुख्याध्यापक हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात आणि ते रुळले, कारण ऐकताक्षणीच त्यांचा अर्थ लागतो. 'अभियोग्यता' हा शब्द मात्र पदविकाधारकालाही विचारून घ्यावा लागतो. मराठी शब्द वापरला म्हणजे मराठी माणसाला समजले, असे होत नाही.

दुसरी अडचण दारांच्या संख्येची. पात्रता परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर, अभियोग्यता चाचणीचा अर्ज वेगळ्या ठिकाणी, भरती 'पवित्र'वर आणि नोकरी लागल्यावर वेतन 'शालार्थ' प्रणालीत. चारही दारे शासनाचीच, पण प्रत्येक ठिकाणी नाव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि गुण नव्याने भरायचे. जी माहिती शासनाच्या एका कार्यालयाने तपासून प्रमाणित केलेली आहे, ती दुसऱ्या कार्यालयाला उमेदवाराने पुन्हा सांगायची. त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, तर दोष उमेदवाराचा.

या अक्षराच्या फरकाचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, पदविका कधी माहेरच्या तर कधी सासरच्या नावाची, आधारपत्र सासरचे. इंग्रजी लेखनात कुठे एक 'ए' तर कुठे दोन. अर्जात नावाची एक चौकट असते, आयुष्यात मात्र दोन नावे असतात. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेण्याचा खर्च आणि वेळ हा ज्या घरात सहज परवडतो, ते घर बहुधा शिक्षकाच्या नोकरीसाठी वर्षानुवर्षे थांबलेले नसते. ज्या जिल्ह्याने कर्व्यांसारखा स्त्रीशिक्षणाचा धुरीण दिला, त्या जिल्ह्यातील मुलीने नावापायी अडखळावे, हे लाजिरवाणे आहे.

त्यानंतर येतो प्राधान्यक्रम. उमेदवाराला त्याच्या प्रवर्गाप्रमाणे, माध्यमाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे पदांची यादी दिसते. ती आपल्या पसंतीने लावून मुदतीत 'लॉक' करायची. यादी लांब, मुदत दिवसांत मोजण्याइतकी आणि हाती पाच-सहा इंचांचा मोबाइल. संगमेश्वर किंवा लांज्याच्या डोंगरवाडीत पावसाळी दिवसांत वीज जाते, पाठोपाठ मनोऱ्याची रेंजही जाते. अशा वेळी उमेदवार तालुक्याच्या गावी नेट-कॅफेत जातो. तेथील चालक शे-दोनशे रुपये घेऊन अर्ज भरतो, परवलीचा शब्दही तोच ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. त्या बिचाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्या व्यवस्थेने मध्यस्थाला हद्दपार करायचे ठरवले, त्याच व्यवस्थेने तो नव्या वेषात परत आणला. फरक दराचा आहे, तत्त्वाचा नाही.

याउलट, संगणकीकरणाने काय दिले तेही कोकणाने अनुभवले आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची घरे उघडी पाडली आणि जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधील कपाटेच्या कपाटे चिखलात गेली. ज्यांची कागदपत्रे भिजली, त्यांना शासनाच्या संगणकात असलेली एक नोंद केवढा आधार देते, हे निराळे सांगायला नको. कागदाकडे परत जाण्याचा प्रश्नच नाही. पण त्या नोंदीपर्यंत पोहोचण्याची वाट सरळ हवी.

ही वाट सरळ नसली की चोरवाटा तयार होतात. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आणला. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पुढे २०१९-२० च्या परीक्षेतील ७,८७४ उमेदवार गैरप्रकारात दोषी ठरवण्यात आले. त्या सुमारास राज्यभरातील जिल्हा परिषदांकडून शिक्षकांची प्रमाणपत्रे पडताळणीसाठी मागवावी लागली. शाळाशाळांतून कागद गोळा झाले, गठ्ठे बांधले गेले. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेला शिक्षकही काही महिने संशयाच्या छायेत वावरला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कोणत्याही शिक्षकाचा परवाना वैध आहे की नाही, हे कोणीही नागरिक तेथील परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहू शकतो. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकताच मूळ निकाल समोर यावा, तो पालकालाही दिसावा, एवढी सोय येथे पहिल्या परीक्षेपासून असती, तर बनावट प्रमाणपत्राला बाजारात किंमत उरली नसती. 'सर्वांना दिसणारे' याचा खरा अर्थ हाच असायला हवा होता.

आता हा विषय केवळ बेरोजगार तरुणांचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले. निकालाच्या योग्यायोग्यतेची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. तूर्त चित्र असे की, राजापूर तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत पंचवीस वर्षे घालवलेला पन्नाशीचा गुरुजी त्या संकेतस्थळासमोर बसला आहे. पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, निवडणुकीचे काम हे सारे त्याने निभावले आहे. अडेल तो संगणकाला घाबरून नव्हे. छायाचित्राचा आकार 'योग्य नाही' एवढेच पडद्यावर येते आणि योग्य आकार कोणता ते सांगितले जात नाही, तेथे तो अडतो. शासनाच्या संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्तीही निघाली. नियम कमी आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही.

कमी आहे ती प्रत्यक्ष वापरणाऱ्याला पाहण्याची सवय. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे जगप्रसिद्ध अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवले की, पाच सामान्य माणसांना शेजारी बसवून काम करायला सांगितले, तरी बहुतेक मोठ्या चुका कळून येतात. याला निविदा लागत नाही. पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयातून दोन अधिकारी आणि संकेतस्थळ तयार करणारा एक अभियंता यांनी पुढील नोंदणी सुरू होण्यापूर्वी रत्नागिरीत यावे. लांज्याची एक विवाहित उमेदवार, मंडणगडचा एक नवपदविकाधारक, उर्दू माध्यमाची एक शिक्षिका, दृष्टी अधू असलेला एक उमेदवार आणि राजापूरचे ते पन्नाशीचे गुरुजी यांना त्यांच्याच मोबाइलवर अर्ज भरू द्यावा. अधिकाऱ्यांनी मदत करू नये, केवळ शेजारी बसून कोठे बोट थांबते ते लिहून घ्यावे. दुपारच्या जेवणापर्यंत पाने भरतील. आणि त्याच दिवशी पंचायत समितीत एक टेबल, एक माणूस आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक नोंदणीच्या मुदतीपुरता नेमून द्यावा, म्हणजे पडद्याने 'नाही' म्हटल्यावर का, हे विचारायला उमेदवाराला पुण्यापर्यंत जावे लागणार नाही.