रविवारी संध्याकाळी पोट का दुखते?

अस्रची नमाज झाली की आमच्या घरात रविवार उतरणीला लागतो. दुपारची बिर्याणी संपलेली असते, पातेले भिजत पडलेले असते. सूनबाई गणवेशाला इस्त्री करायला बसते. मुलगा दुकानाची उधारीची वही काढतो, दोन पाने उलटतो आणि तशीच मिटून ठेवतो. आणि चौथीत शिकणारा माझा नातू येऊन माझ्या मांडीवर डोके ठेवतो. "दादी, पेट दुखरा."

पहिल्या रविवारी मी ओवा दिला. दुसऱ्या रविवारी सुनेला म्हटले, बिर्याणी जड झाली असेल, पुढच्या वेळी साधी खिचडी कर. तिसऱ्या रविवारी खिचडी खाऊनही पोट दुखले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, जंताचे औषध दिले. सोमवारी दुपारी शाळेतून आलेले पोर मात्र गल्लीत क्रिकेट खेळत होते. चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आले की हे दुखणे शनिवारी येत नाही, बुधवारी येत नाही. ते घड्याळ बघून येते.

वाचक बंधू-भगिनींनो, हे दुखणे मला नवे नव्हते. धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. रविवारी मगरिबनंतर माझ्याही घशात काहीतरी अडकल्यासारखे व्हायचे. उद्या केंद्रप्रमुख येणार, हजेरीचा तक्ता अपुरा आहे, एसटी वेळेवर मिळेल का, असे एकेक डोक्यात फिरायचे. भाकरी थापताना हात चालायचे आणि मन सोमवारच्या परिपाठाला जाऊन उभे राहायचे. मी हे कधी कुणाला सांगितले नाही. मोठ्या बाईने काय सांगायचे, की उद्या शाळेत जायची भीती वाटते?

यात बिचाऱ्या रविवारचा काही दोष नाही. माझे धाकटे दीर बरीच वर्षे रियाधला एका कंपनीच्या कार्यालयात होते. तिकडे पूर्वी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. शुक्रवारी रात्री त्यांचा फोन आला की आवाज पडलेला असायचा. जून 2013 मध्ये सौदी सरकारने सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवार केली. त्यानंतर भाईंचा आवाज शनिवारी रात्री पडायला लागला! सुट्टीचा शेवटचा प्रहर ज्या वारी येतो, त्या वारी ही हुरहूर येते. हंगेरीचे मनोविकारतज्ज्ञ सांडोर फेरेंत्सी यांनी 1919 मध्येच लिहून ठेवले आहे की त्यांच्या काही रुग्णांचे डोके आणि पोट नेमके रविवारीच दुखे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही रविवारी पोट दुखतच होते.

आपल्याकडे जुमा हा तसा सुट्टीचा दिवस नव्हेच. नमाज झाली की पुन्हा रोजीरोटीच्या शोधात पांगा, अशीच शिकवण आहे. मग हा रविवार आपल्या घरात आला कुठून? तो कुणी सहज दिलेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत, आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या मांडल्या. सहा वर्षांच्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून झटणारेही हेच लोखंडे. ज्या दिवसासाठी माणसे सहा वर्षे भांडली, त्या दिवसाची संध्याकाळ आपण भीतीत घालवतो, याचे मला वाईट वाटते.

आणि ज्यांना हा दिवस अजून मिळालाच नाही, त्यांचे काय? आपल्या बीड जिल्ह्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती पाच-सहा महिने राबून फेडायची. आजारपणात एक दिवस काम चुकले तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापतात. तिथे रविवार कुठला?

माझ्या वर्गात अशा घरांची मुले असत. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा आला की एरवी वर्ग डोक्यावर घेणारी पोरे गप्प व्हायची. कुणी विनाकारण रडायचे, कुणाचे पोट दुखायचे. आई-बापाबरोबर जायचे की आजीजवळ राहायचे, हे घरात ठरत असायचे आणि मुले दाराआडून ऐकत असायची. आमच्या घरातली संध्याकाळ आठवड्यातून एकदा येते. त्यांची वर्षातून एकदा येते, पण सहा महिन्यांची येते. मी तेव्हा मुलांना म्हणायचे, "रडू नकोस, शूर आहेस ना?" आज वाटते, तेवढे बोलण्याऐवजी जवळ बसवून विचारायला हवे होते, की नेमकी कशाची भीती वाटते.

ही धाकधूक येते कशी, ते थोडे समजून घेऊ. पहिले कारण शरीराचे. शनिवारी रात्री आपण उशिरा झोपतो, फजर पढून पुन्हा अंथरुणात शिरतो, जेवणानंतर दोन तास झोपतो. मग रविवारी रात्री झोप येणार कशी? शरीराचे घड्याळ दोन दिवसांत मागे सरकलेले असते आणि सोमवारी ते एकदम पुढे ओढावे लागते. दुसरे कारण अर्धवट कामाचे. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्ये प्रयोग करून दाखवले होते की पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेले काम माणसाच्या जास्त लक्षात राहते. शनिवारी अर्धी सोडलेली वही रविवारभर मनात उघडीच राहते.

तिसरे कारण मात्र झोपेने जात नाही आणि वही पुरी केल्यानेही जात नाही. सोमवारी खरोखरच काहीतरी वाईट घडत असते, आणि ज्याच्यावर ते घडते तो सांगत नाही.

पाचव्या रविवारी मी नातवाला पोटाबद्दल विचारलेच नाही. इशा झाल्यावर दिवा मालवला, त्याच्या शेजारी आडवी झाले आणि म्हटले, "बेटा, मी शिक्षिका होते, पण तुझी शाळा मला ठाऊक नाही. सोमवारी शाळेत गेल्यावर पहिल्यांदा काय होतं, ते सांग बरं."

त्याने सांगायला सुरुवात केली. घंटा होते. रांग लागते. प्रार्थना होते. वर्गात हजेरी होते. मग तो थांबला.

"मग काय होतं?"

"मग नावं वाचतात."

"कुणाची?"

"ज्यांची फी राहिली त्यांची. आपलं नाव आलं की उभं राहायचं."

"किती सोमवार उभा राहिलास?"

त्याने अंधारात माझ्या हातावर बोटे टेकवून मोजली. पाच.

"अब्बांना का नाही सांगितलंस?"

"अब्बांकडे पैसे नाहीत ना, दादी. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते."

नऊ वर्षांचे पोर. बापाला त्रास नको म्हणून पाच आठवडे भर वर्गात उभे राहत होते, आणि आम्ही त्याला ओवा देत होतो.

मुलाचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की दुरुस्तीला येतात. काम भरपूर असते, पैसा मात्र सोयाबीन-कापूस विकल्यावर. यंदा पावसाने पीक बिघडले आणि उधारी तशीच राहिली. त्या रात्री मी त्याला बाहेर ओट्यावर बोलावून सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अम्मी, मलाही रविवारी रात्री झोप नसते. सोमवारी सकाळी तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याचा फोन येतो." सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मला दोघांचेही चेहरे दिसत होते. मला वाटायचं, माझ्यावरच रागावलेत."

एका घरात, एका दस्तरखानावर जेवणारी आम्ही चार माणसे. रविवारी संध्याकाळी प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प, आणि त्या गप्प राहण्यानेच घर जड झालेले.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत गेला. जमले तेवढे पैसे भरले, उरलेल्यांची तारीख लिहून दिली. मुख्याध्यापकांना म्हणाला, "सर, माझ्या मुलाचं एकट्याचं नाव गाळू नका. ती यादीच वर्गात वाचू नका. फी मी द्यायची आहे, मला चिठ्ठी पाठवा, मला फोन करा." सर हो म्हणाले. पण पुढच्या सोमवारी यादी पुन्हा वाचली गेली, कारण निरोप वर्गशिक्षिकेपर्यंत पोहोचलाच नव्हता. मुलगा पुन्हा गेला. त्यानंतर ती प्रथा बंद झाली. फी अजून पूर्ण फिटलेली नाही. व्यापाऱ्याचा फोनही येतो, फक्त आता मुलगा शुक्रवारी स्वतःच फोन करून सांगतो की किती देता येतील. रविवार त्यामुळे जरा हलका जातो.

या सगळ्यातून आमच्या घरात काही साध्या सवयी लागल्या. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते. दप्तर, गणवेश, बूट शनिवारीच तयार करून ठेवायचे, रविवारच्या मगरिबला इस्त्रीचा वास नको. रविवारी फजरनंतर झोपायचे असेल तर तासभरच, आणि दुपारी लांबलचक झोप घ्यायची नाही. सोमवारी संध्याकाळी काहीतरी चांगले ठेवायचे. आमच्याकडे नातवाच्या आवडीची शेवयांची खीर रविवारची सोमवारवर गेली आहे. रविवारी घरातल्या बायकांनाही अर्धा दिवस सुट्टी द्यायची. सगळ्यांचा आराम तो तिचाच राबण्याचा दिवस असतो. दुपारचे पातेले आता मुलगा घासतो. कुरकुरतो, पण घासतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे "अभ्यास झाला का?" याऐवजी "उद्या काय आहे?" एवढेच विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. उत्तर आले की लगेच उपदेश करायचा नाही. हा प्रश्न मुलांपुरता ठेवू नका. नवऱ्याला विचारा, सुनेला विचारा. पुण्याला नोकरी करणारा मुलगा रविवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसण्याआधी उगाच चिडचिड करत असेल, तर त्यालाही विचारा.

आणि दुखणे रविवारपुरते राहिले नाही, झोप रोजच उडाली, जेवण सुटले, जगणे नकोसे वाटते असे कुणी बोलून गेले, तर वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते. तब्येतीसाठी दुआ करणे आणि औषध घेणे या दोन्ही गोष्टी आपण एकत्रच करत आलो आहोत. मनाच्या दुखण्यालाही तोच नियम.

गेल्या रविवारी मगरिबनंतर नातू पुन्हा माझ्या मांडीवर येऊन पडला. "दादी, पेट दुखरा." माझ्या छातीत धस्स झाले. मी विचारले, "उद्या काय आहे?"

"एकोणतीसचा पाढा."

अल्हम्दुलिल्लाह! म्हटले, ऊठ, चल, दोघे मिळून म्हणू. सत्तावीसपर्यंत मला येतात. पुढचे मलाही शिकायचे आहेत.