तुटलेला शाफ्ट भंगारात टाकण्याआधी

सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरच्या ड्रमचा शाफ्ट तुटला की निदान ठरलेले असते: माल ओला होता, चालवणाऱ्याने रेटून घातला, नाहीतर लोखंडच हलके. परभणी, सेलू, जिंतूरच्या वर्कशॉपमधल्या आपल्या वाचकांची हंगामातली अडचण आम्ही जाणतो. शेतकरी दारात उभा असतो आणि यंत्र त्याच दिवशी रानात परत जायला हवे असते. पण नवा शाफ्टही बेअरिंगलगतच्या त्याच खांद्यावर तुटला, तर ओल्या मालाला बोल लावणे थांबवावे. वेगवेगळ्या रानांत, वेगवेगळ्या हातांखाली एकाच मॉडेलचा भाग एकाच जागी जात असेल, तर दोष ड्रॉइंगमध्ये शोधला पाहिजे.

तुटलेले तोंड डिझेलने धुऊन तिरप्या उजेडात धरा. अर्धगोल रेषांचा गुळगुळीत भाग म्हणजे चीर हळूहळू वाढत गेली. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. हा खडबडीत भाग लहान असेल, तर शाफ्टवरचा एकूण भार फारसा नव्हता. त्यातच परिघावर अनेक जागी चिरा सुरू झालेल्या दिसल्या, तर व्यास बदलतो त्या काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटत होता असे समजायला हरकत नाही. अशा वेळी नुसते भारी पोलाद घालून भागत नाही, कारण जास्त कठीण पोलाद धारदार कोपऱ्याला अधिक हळवे असते. कोपऱ्याला गोलाई द्यावी लागते. मात्र ती बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा मोठी झाली, तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही. तिथे मध्ये चेंफर केलेली रिंग घालावी.

हे ज्ञान जुने आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. वापराने लोखंडाची जातच बदलते, असे तेव्हा पुष्कळ जण मानत. १८४३ मध्ये अभियंते रँकिन यांनी दोष आसाच्या तीक्ष्ण खांद्याकडे दाखवला आणि तिथे गोलाई ठेवण्याचा आग्रह धरला.

आपल्याकडे जमिनीचाही प्रश्न आहे. काळी माती सुकली की दगडासारखी ढेकळे होतात आणि भिजली की पात्यांना चिकटते. हलक्या जमिनीच्या हिशेबाने आखलेला रोटाव्हेटर इथे विकायचा आणि तुटला की ‘तुमची जमीनच भारी’ म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. जिथे यंत्र विकले जाते, तिथली माती डिझाइनच्या हिशेबात धरलीच पाहिजे.

म्हणून येत्या हंगामात तुटलेले दोन्ही तुकडे ठेवा. तोंडे एकमेकांवर जुळवून पाहू नका, घासून खुणा जातात; ग्राइंडरही लावू नका. तेलाचा हात फिरवून पोत्यात बांधा आणि चिठ्ठीवर मॉडेल, पीक, अंदाजे चाललेले तास, तुटल्याची बाजू एवढे लिहा. एकाच मॉडेलचे असे तुकडे जमले, की कंपनीच्या अभियंत्यासमोर एकत्र मांडता येतील.