गाडी येते, चिठ्ठी देते

अंगणवाडीच्या दारात वर्षातून दोनदा एक गाडी थांबते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिच्यातून उतरते: दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. 2013 च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमाची देशपातळीवर सुरुवात झाली तीही आपल्या पालघरातून. तपासणीच्या 30 बाबींत जन्मजात हृदयविकार आहे, दुभंगलेला ओठ आहे आणि स्वमग्नताही आहे. त्यामुळे खेड्यातल्या लेकरापर्यंत सरकारची गाडी पोचत नाही, अशी तक्रार बुलडाणा जिल्ह्याने करू नये. गाडी येते. लेकरू नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवत नाही, तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हे कागदावर लिहूनही घेते. मग आईच्या हातात चिठ्ठी देते: जिल्ह्याला दाखवा.

हृदयाला छिद्र असलेल्या पोराला ही चिठ्ठी तारते. शस्त्रक्रिया होते, पोर घरी येते, कागद फायलीला लागतो. स्वमग्नता घालवणारी शस्त्रक्रिया नाही आणि गोळीही नाही. तिथे उपचार म्हणजे सराव. नजर कशी मिळवायची, हवे ते रडण्याऐवजी खुणेने कसे मागायचे, अंगात कपडे घालू द्यायला कसे शिकायचे, हे आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने. जिल्ह्याला एकदा दाखवून काय होणार?

आणि जिल्हा म्हणजे तरी कुठे? आपल्याकडे माणूस पत्ता सांगतानाच घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर. जळगाव जामोद, संग्रामपूर, मलकापूर, नांदुरा घाटाखाली. मलकापूरकडून येणाऱ्या बाईने मोताळ्यापर्यंत काळीपिवळीत कोंबून घ्यायचे, मग राजूर घाट चढायचा. सोयाबीनच्या सोंगणीत एक दिवस मोडला की घरातली मजुरी बुडते. त्यात ज्या मुलाला हॉर्नचा आवाज सोसत नाही, अनोळखी माणसाचा स्पर्श सोसत नाही, त्याला हा प्रवास. दवाखान्यात पोचेस्तोवर ते कानावर हात ठेवून किंचाळत असते. डॉक्टर पाहतात ते दहा मिनिटांचे किंचाळणे. घरी ते सुपातले दाणे तासभर निवडून ओळीने मांडते, शेळीच्या मागे हसत पळते, हे तिथे कोणाला दिसणार? फिरती सेवा हवी ती आईबापाचे भाडे वाचावे म्हणून हवीच; पण मूल जसे आहे तसे तपासायचे तर ते त्याच्या अंगणातच तपासावे लागते.

हे स्वप्नरंजन नव्हे. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने ते करून पाहिले आहे. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी मिळून 65 मुले, वय दोन ते नऊ. तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा बैठका घेत. आई आणि मूल खेळतात त्याचे चित्रण करायचे, मग ते आई आणि कार्यकर्त्याने मिळून पाहायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तुमचे लक्ष दुसरीकडे होते. आईची साद मुलाशी जुळू लागली आणि मुलाने आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले, असे या अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. बोलू न लागलेली मुले वक्ते झाली, असा दावा त्यांनी केला नाही. म्हणूनच तो अभ्यास विश्वासाचा वाटतो.

आशाताईला हे जमेल का, असे विचारणाऱ्यांनी 2015 आठवावे. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, त्यात बुलडाणाही होता, आणि घरोघरी जाऊन खचलेला माणूस ओळखण्याचे काम आशाताईंनाच दिले गेले. जी बाई बापाच्या मनातले विचारू शकते ती लेकराच्या खेळातलेही पाहू शकेल. मात्र वेगळे मानधन देऊनच, आधीच्या पंचवीस कामांत सव्विसावे म्हणून नव्हे. भिंगारा, चाळीसटापरी अशा आदिवासी गावांकडे जायचे तर प्रमाण मराठीतली प्रश्नावली कुचकामी ठरेल. तिथे भिलाला आणि कोरकू घरातलीच मुलगी तयार करावी लागेल.

तोवर लोक अशा लेकरांना घेऊन पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर जातात. त्यांना हसू नये. तिथे चिठ्ठी लागत नाही, तारीख लागत नाही, आणि रडणाऱ्या पोराकडे कोणी वळून पाहत नाही. आपल्या दवाखान्यांना यातले किती जमते?

कायदा कमी पडत नाही. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारांत ती घेतली. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. पण बिल फाडायला थेरपिस्ट तर हवा! 2024 च्या ऑक्टोबरात बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. डॉक्टर घडतील तेव्हा घडतील. एक बालमानसतज्ज्ञ आणि एक वाचा-उपचारतज्ज्ञ घाटाखाली ठरल्या वारी फिरवायला तेवढे थांबायची गरज नाही. महिन्यातून दोनदा त्यांनी यावे, मधल्या दिवसांत आशाताईने सराव घ्यावा. त्याच गाडीने, त्याच रस्त्याने.

डिझेलचे पैसे? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. जिल्हा परिषदेच्या सेसलाही तो लागू आहे. एका गावाचे पाच टक्के म्हणजे चिल्लर. वीस गावांचे एकत्र आले तर एका थेरपिस्टच्या फेऱ्या निघतील. येत्या ग्रामसभेत सरपंचांना एवढेच विचारा: आपल्या गावचे पाच टक्के गेल्या वर्षी कशावर खर्च झाले?