दारात उभी राहिलेली माणसे

“कादंबऱ्या वाचून काय मिळते? त्यापेक्षा दीनचे एखादे पुस्तक वाचावे, नाहीतर शाळेचा अभ्यास करावा.” हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या ऐकू येते. बोलणाऱ्यांची कळकळ खरी असते. वेळ ही अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे, ही जाणीव त्यामागे असते. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हाला बरोबर वाटत नाही. आज त्याचेच उत्तर शोधू या, आणि तेही जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्यांच्या आधाराने.

सुरुवात डेप्युटी नझीर अहमद यांच्यापासून करावी लागते. त्यांच्या मुलींना वाचायला द्यावे असे पुस्तक त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. ते पुस्तक म्हणजे १८६९ साली प्रसिद्ध झालेली ‘मिरात-उल-उरूस’. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. सरकारने तिला १००० रुपयांचे बक्षीस दिले. लेखक कोण, तर ज्यांनी पुढे कुराण शरीफचा उर्दू तर्जुमा केला, तेच. दीनची पुस्तके एका बाजूला आणि कादंबरी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्यांनी केली नाही. घरातल्या मुलींना शहाणपण द्यायचे तर गोष्टीतून द्यावे, असे त्यांना वाटले.

गोष्ट दिल्लीतल्या दोन बहिणींची आहे. थोरली अकबरी, धाकटी असगरी. दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. अकबरी नानीच्या लाडात वाढलेली, कामाचा कंटाळा, तोंडाने फटकळ. हज करून आल्याचे सोंग घेतलेली एक बाई गोड बोलून तिचे दागिने लांबवते. असगरी मात्र हिशेबी. सासरी आल्यावर मोलकरीण सामानात किती मारते हे तिच्या लक्षात येते. ती घराचा कर्जबाजारीपणा सावरते आणि पुढे घरातच मुलींची शाळा सुरू करते.

लहानपणी ही गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला असगरी व्हायचे असते, आणि ते ठीकच आहे. खर्च लिहून ठेवावा, नोकरावर नजर असावी पण त्याचा अपमान करू नये, शिकलेले दुसऱ्याला शिकवावे, हे आम्ही असगरीकडूनच घेतले. पण वय वाढते, घरात सुना येतात, मुली परक्या घरी जातात, तसे आमचे लक्ष अकबरीकडे जाऊ लागले. तिला कोणी काही शिकवलेच नव्हते. लाड करणाऱ्यांनी लाड केले आणि लग्नानंतर बोल मात्र तिला एकटीला लागला. एकच पुस्तक. दहाव्या वर्षी ते आम्हाला “नीट वाग” म्हणत होते. पन्नाशीत तेच “दुसऱ्याची परिस्थिती बघ” म्हणते. चांगल्या जुन्या कादंबरीचे हेच वैशिष्ट्य आहे. तिच्यातली माणसे आपल्याबरोबर वाढतात.

त्याच नझीर अहमद यांची ‘तौबत-उन-नसूह’ आई-बापांनी तर जरूर वाचावी. दिल्लीत पटकीची साथ येते. नसूह आजारी पडतो आणि त्या ग्लानीत त्याला स्वप्नात आखिरतचा दरबार दिसतो. बरा झाल्यावर तो तौबा करतो आणि ठरवतो की आता सगळे घर सुधारायचे. बायको फहमीदा त्याच्या बाजूने उभी राहते. लहान मुले ऐकतात. पण थोरला मुलगा कलीम मोठा झालेला असतो. त्याला शायरीचा नाद, मित्रांचा गोतावळा, मिजास मोठी. बाप बोलावतो, तो जात नाही आणि शेवटी घर सोडतो. मागे राहिलेल्या त्याच्या खोल्यांतली पुस्तके नसूह जाळून टाकतो. पुढे कलीम जखमी होऊन परत येतो तो मरण्यासाठीच. पश्चात्ताप होतो, पण उशिरा.

लेखकाची सहानुभूती नसूहला आहे, हे पानोपानी दिसते. नसूहची चिंताही खोटी नाही. मुलगा नमाजपासून दूर जातो तेव्हा बापाच्या काळजात काय होते, हे आपण जाणतो. पण मिटल्यावरही मनात राहते ती ती आग. ज्या बापाने मुलगा लहान असताना स्वतः नमाजची फिकीर केली नाही, तो मुलगा हाताबाहेर गेल्यावर त्याची पुस्तके जाळतो. पुस्तके जळाली, मुलगा काही परत आला नाही. योगायोग असा की उतारवयात खुद्द नझीर अहमद यांच्या एका पुस्तकाच्या प्रतीही लोकांच्या रोषामुळे जाळण्यात आल्या.

याच कादंबरीत नसूहची मोठी मुलगी नईमा आहे. तीही अशीच हट्टी. नमाजबद्दल वेडेवाकडे बोलली म्हणून आईची थप्पड खाते आणि रागावून खालाच्या घरी जाते. खाला तिला उपदेश करत बसत नाही. त्या घरात सगळे आपापल्या वेळी नमाज पढतात, एकमेकांशी प्रेमाने बोलतात, बस. नईमा तिथे राहून आपोआप बदलते आणि आईकडे परत येते. एकाच घरातली दोन मुले रागाने बाहेर पडली. नईमासाठी खालाचे दार उघडे होते. कलीम ज्या मित्राच्या भरवशावर निघाला तो मित्र ढोंगी निघाला. आपल्या खानदानात कोणाचे घर खालाच्या घरासारखे आहे? आणि आपले तसे आहे का? हे पुस्तक वाचल्यापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

दाराचीच गोष्ट निघाली आहे तर मिर्झा हादी रुसवा यांच्या ‘उमराव जान अदा’कडे वळू. ही कादंबरी १८९९ साली आली. सिनेमामुळे बहुतेकांना तिची गाणी आठवतात आणि “आमच्या घरात ते पुस्तक नको” असेही कोणी म्हणते. पण मूळ कादंबरी ही फैजाबादच्या एका साध्या घरातल्या अमीरन नावाच्या लहान मुलीची गोष्ट आहे. बापाने एका गुंडाविरुद्ध साक्ष दिली. त्याचा सूड म्हणून तो गुंड मुलीला पळवतो आणि लखनौला नेऊन कोठ्यावर विकतो. तिच्याबरोबर रामदेई नावाची आणखी एक पळवलेली मुलगी असते. दोघी एकाच खोलीत रडलेल्या. पुढे अमीरन उमराव जान होते. रामदेई एका खानदानी घरात विकली जाते आणि काही वर्षांनी त्याच घरची बेगम होते. दोघींच्या चारित्र्यात फरक नव्हता. फरक होता तो गिऱ्हाईक कोण आले याचा.

कित्येक वर्षांनी उमराव फैजाबादला येते. आपल्याच मोहल्ल्यात तिला गाण्यासाठी बोलावणे येते. आई ओळखते, दोघी गळ्यात पडून रडतात. दुसऱ्या दिवशी भाऊ येतो तो सुरी घेऊन. मारत नाही, पण या शहरातून निघून जा म्हणतो. बापाने खरी साक्ष दिली, म्हणजे त्याचे काही चुकले नाही. मुलीचे तर काहीच चुकले नाही. तरी दार बंद झाले, कारण लोक काय म्हणतील. एखाद्या बाईबद्दल आपल्यासमोर कोणी कुजबुजू लागते, तेव्हा आम्हाला फैजाबादचे ते घर आठवते. सूरह हुजुरातमध्ये वाईट संशय घेण्यापासून, टेहळणी करण्यापासून आणि पाठीमागे बोलण्यापासून आपल्याला रोखले आहे. हुकूम आम्हाला लहानपणापासून ठाऊक होता. तो मोडला तर कोणाचे काय होते, हे उमरावने डोळ्यांसमोर उभे केले.

आता दुसरे दार. प्रेमचंद यांची ‘गोदान’ १९३६ साली प्रसिद्ध झाली. होरी हा कर्जात बुडालेला शेतकरी, धनिया त्याची बायको. त्यांचा मुलगा गोबर झुनिया नावाच्या दुसऱ्या जातीतल्या विधवेला घराच्या दाराशी आणतो आणि भीतीने स्वतः पळून जातो. झुनियाला दिवस गेलेले असतात. होरी संतापतो, तिला हाकलून देईन म्हणतो. पण ती पायाशी पडते तेव्हा त्याच्याने ते होत नाही. तो तिला घरात ठेवून घेतो, आणि एरवी कडक बोलणारी धनिया तिची ढाल होते. पंचायत बसते. १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य असा दंड होतो. ज्याच्या घरात दोन वेळचे जेवण नाही त्याला हा दंड. होरी खळ्यावरचे धान्य स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेतो, घर गहाण टाकतो, पण झुनियाला बाहेर काढत नाही.

फैजाबादचा भाऊ आणि होरी, दोघांनाही लोकांची भीती होती. होरी काही शूर नाही, पंचांपुढे तो मान खाली घालतो. तरी त्याने दार उघडे ठेवले आणि त्याची किंमत भरली. प्रेमचंद ती किंमत लपवत नाहीत. नेकी केली की लगेच फळ मिळते, असे खोटे आश्वासन या कादंबरीत नाही. मुलांना चांगुलपणा शिकवताना हीही गोष्ट सांगायला हवी, असे आम्हाला वाटते. चांगले वागायला कधी कधी धान्य मोजून द्यावे लागते.

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या घरांना आणखी एक ठेवा मिळालेला आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. यमू नावाची मुलगी स्वतःची कहाणी सांगते. बालपण, लग्न, समंजस नवरा, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. वाचताना सहज वाटून जाते की ही रूढी आपली नव्हे, आपल्या शरियतमध्ये विधवेला निकाहची मोकळीक आहे. खरे आहे. पण त्याच सुमारास, १८९१ साली, नझीर अहमद यांनी ‘अयामा’ लिहिली. विषय हाच, विधवेचा दुसरा निकाह. दीनने परवानगी दिली असूनही घरोघरी रिवाजाने ती काढून घेतली होती, म्हणूनच त्यांना लिहावे लागले. पुण्यात मराठीत आणि उत्तरेत उर्दूत एकच दुःख एकाच वेळी लिहिले जात होते. आजही आपल्या ओळखीत तरुणपणी विधवा झालेली एखादी फुफी किंवा भाभी असेल, जिच्या दुसऱ्या निकाहचा विषय कोणी काढत नाही. यमूची कहाणी वाचून संपली की तिच्याकडे बघण्याची आपली नजर तशीच राहत नाही.

कादंबरी वाचली की माणूस आपोआप चांगला होतो, असा आमचा दावा नाही. ढीगभर पुस्तके वाचून कोरडी राहिलेली माणसे आहेत, आणि एक अक्षर न वाचता होरीसारखे वागलेली आपली आजी-आजोबा आहेत. हलाल-हराम, हक्क-फर्ज हे आपण दीनकडून शिकतो, कादंबरीकडून नाही. कादंबरी सराव देते. ज्या माणसाबद्दल आपण एरवी दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे झालो असतो, त्याच्याबरोबर ती चारशे पाने राहायला लावते. रोजच्या आयुष्यात कलीम, नईमा, अमीरन, झुनिया आपल्या दारात येतात तेव्हा त्यांच्या हातात कादंबरी नसते. आपल्याला फक्त एक घाबरलेला चेहरा दिसतो आणि शेजाऱ्यांच्या उघड्या खिडक्या दिसतात. त्या क्षणी दार लावायचे की उघडे ठेवायचे, हे पटकन ठरवावे लागते. आधी कधी हा विचार केला असेल तरच ते जमते.

म्हणून वाचक भगिनींना आणि बंधूंना आमची एक सूचना आहे. आठवड्यातून एक दिवस इशाच्या नमाजनंतर अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून घरात एक पुस्तक मोठ्याने वाचा. दादी किंवा नानीला उर्दू वाचता येत असेल तर त्यांच्याकडून ‘मिरात-उल-उरूस’ ऐका. त्यांनाही बरे वाटेल आणि मुलांच्या कानावर जबान पडेल. ‘गोदान’ हिंदीत आहे, शाळकरी मुलेही थोड्या मदतीने वाचू शकतात. ‘उमराव जान अदा’ आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ जरा मोठ्या मुलांसाठी ठेवा, पण ठेवा. मुलगी वाचते आणि मुलगा बाहेर जातो, असे होऊ देऊ नका. फैजाबादच्या घरात सुरी भावाच्या हातात होती.

वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. एवढेच विचारा: “तू त्या घरात असतास तर दार उघडले असतेस का?” मुलांची उत्तरे ऐका, मध्येच टोकू नका. आणि मुलांनी उलटून हाच प्रश्न तुम्हाला केला, तर खरे उत्तर द्या.