सौरघट सुधारेल, पण वाचलेली जमीन कोणाची?

सौरऊर्जेच्या संशोधनाच्या बातम्या शास्त्रज्ञांसाठीच असतात, असे समजून आमच्या समाजाने त्या सोडून देऊ नयेत. त्यांत जमिनीचा हिशेब दडलेला आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट दाखवला. त्यावर पडलेल्या उन्हातील सुमारे सहा टक्के ऊर्जेचीच वीज होत होती. आज बाजारातील चांगले पॅनेल २१-२२ टक्क्यांवर आहे. एकट्या सिलिकॉनची मर्यादा २९ टक्क्यांच्या आसपास असल्याने संशोधन आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या पदार्थाचा पातळ थर चढवण्याकडे वळले आहे. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, खालचे सिलिकॉन तांबडा व अवरक्त. चीनच्या लोंगी कंपनीने अशा जोडघटात २०२५ मध्ये ३४.८५ टक्के गाठले. पवईच्या आयआयटीतही हे काम चालू आहे. मात्र पेरोव्हस्काइट ओल आणि उष्णतेने लवकर खराब होते, शिवाय त्यात बहुधा शिसे असते. मराठवाड्याच्या उन्हात ते २५ वर्षे टिकेल, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

आता हिशेब मांडा. एका मेगावॅटला साधारण पाच एकर जमीन लागते. कार्यक्षमता २१ वरून ३० टक्क्यांवर गेली, तर तेवढ्याच विजेला साडेतीन एकर पुरेल. वाचलेला दीड एकर कोणाला मिळणार?

२०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनीही प्रकल्पांना दिल्या जातात. खासगी जमीनमालकाला भाडे मिळते. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचे नाव मात्र सातबाऱ्यावर नाही. त्याच्या वाट्याला भाडे येत नाही, अतिक्रमणाचा शिक्का येतो. जगपाल सिंग खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने सामूहिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना अधिसूचनेने दिलेले पट्टे अपवाद मानले. म्हणजे कायद्यात वाट आहे, चालायची इच्छा नाही!

आमचा विजेला विरोध नाही. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४३ मध्येच मांडले होते. आमची मागणी साधी आहे. आधी सरकारी इमारतींची छपरे व कालवे वापरा. गायरानाला हात लावण्यापूर्वी ग्रामसभेत कसणाऱ्याचे ऐका आणि त्यालाही भाड्याचा हक्क द्या. नाहीतर घटाची कार्यक्षमता वाढेल आणि फायदा फक्त कंपनीच्या ताळेबंदात दिसेल.